घरामागच्या रुळांवर वाघिणींची रांग येऊन थांबली, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात घर घेतलं. परसाच्या टोकाला गंजलेले रूळ होते, त्यांवर गुडघाभर गवत. घर दाखवणारा एजंट म्हणाला, ही लाईन कधीच बंद पडली आहे. मागच्या महिन्यात एका सकाळी इंजिनाची घरघर ऐकू आली आणि दुपारपर्यंत काळ्या टँकर वाघिणींची (मालगाडीच्या डब्यांची) रांग लागली, ऐंशीच्या आसपास. तेव्हापासून त्या जागच्या हललेल्या नाहीत. टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक कारभारात, विचारलं तर ते म्हणाले, आमच्या हातात काही नाही. या वाघिणींत काय आहे, धोका किती, आणि त्या हटवायला कोणाकडे जायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं अमेरिकेतल्या छोट्या रेल्वे कंपन्यांत काम केलं. सुरुवात कंडक्टर म्हणून झाली. इथे मालगाडीचा कंडक्टर तिकिटं तपासत नाही. वाघिणी जोडणं-सोडणं, काटे बदलणं, हँडब्रेक लावणं ही त्याची कामं. पुढे सुरक्षेची जबाबदारी आली. अशा रांगा मी स्वतः लावल्या आहेत आणि त्यांवरून चिडलेल्या शेजाऱ्यांसमोर बसून उत्तरंही दिली आहेत.

कायदा, कंपनी हे सगळं नंतर. आधी घरातल्या मुलांना आजच्या आज सांगा: या वाघिणींच्या खालून, मधून, वरून जायचं नाही. महिनाभर न हललेली रांग एखाद्या सकाळी अचानक हलते. इंजिन लागतं ते दुसऱ्या टोकाला, दीड किलोमीटर लांब. तुम्हाला ते दिसत नाही, बऱ्याचदा ऐकूही येत नाही. वाघिणी एकमेकींना जोडणाऱ्या कपलिंगांमधली ढिलाई एकामागून एक मिटत येते आणि तो धडधडाट तुमच्या परसापाशी पोहोचतो तेव्हा मध्ये शिरलेल्या माणसाला बाहेर यायला वेळ उरलेला नसतो. एका गावात आमच्या रांगेने शाळेच्या बसथांब्याकडे जाणारी पायवाट अडवली होती. ती कुठल्याच नकाशावर नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रांगेच्या कडेने पाहणी करत चाललो होतो, तर पाठीवर दप्तर असलेली दोन मुलं कपलरवर पाय देऊन पलीकडे उतरताना दिसली. मी ओरडलो नाही. दचकली असती तर खाली पडली असती. ती पलीकडे पोहोचल्यावर फोन केला, त्याच दुपारी इंजिन आणवलं आणि रांग मागे ओढून ती पायवाट मोकळी केली. कोणी पहिल्या दिवशी कळवलं असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं. तुमच्या आसपास अशी पायवाट असेल तर ही बाब लगेच कळवा.

आता एजंटच्या त्या वाक्याबद्दल. आपल्याकडे रेल्वे म्हटलं की सरकार. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला कितीतरी वर्षं खासगी कंपनीच्या मालकीची होती याचं आपल्याला अजून अप्रूप वाटतं. अमेरिकेत मालवाहतुकीचं जवळपास सगळंच जाळं त्या अर्थाने शकुंतला आहे. रूळ कंपनीचे, खडी कंपनीची, बहुतेक ठिकाणी खालची जमीनही कंपनीची. रेल्वेवरचे सरकारी निर्बंध सैल करणाऱ्या १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी न परवडणाऱ्या शाखा विकायला काढल्या आणि त्या घेऊन छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज त्या सहाशेच्या आसपास आहेत, आणि पेनसिल्व्हेनियात तर त्यांची दाटीच आहे. अशा शाखेवर आठवड्याला एक गाडी जाते, कधी वर्षभर एकही जात नाही. पण कायद्याच्या लेखी लाईन बंद केव्हा होते, तर वॉशिंग्टनमधलं सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड हे रेल्वेचं नियामक मंडळ ती सोडून द्यायला परवानगी देतं आणि कंपनी खरोखर सोडते तेव्हा. गवत किती उंच वाढलं याला तिथे काही किंमत नाही. तुमच्या एजंटने डोळ्यांना दिसलं ते सांगितलं, कागद पाहिला नाही.

वाघिणी तिथे का आल्या, हेही समजून घ्या, कारण पुढची बोलणी त्यावरच ठरतात. आपल्याकडे वाघिणी बहुतांशी रेल्वेच्याच असतात, त्यांचे रेक फिरत राहतात. इथल्या टँकर वाघिणी जवळजवळ सगळ्या खासगी. भाड्याने देणाऱ्या कंपन्या त्या घेतात आणि तेल, वायू, रसायनं विकणाऱ्यांना कित्येक वर्षांच्या कराराने देतात. धंदा बसला तरी करार चालूच राहतो. मग रिकाम्या वाघिणी ठेवायच्या कुठे? मोठ्या कंपन्यांना आपले यार्ड अडकवायचे नसतात. तेव्हा कुठली तरी छोटी कंपनी आपली ओस पडलेली शाखा पुढे करते. २००९ च्या मंदीत आणि पुन्हा २०२० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सोळा लाखांच्या आसपास वाघिणींपैकी पाचेक लाख अशा उभ्या होत्या. मंदी नसतानाही ऋतूप्रमाणे हे चालतं. घरं तापवायला लागणाऱ्या प्रोपेनच्या वाघिणी हिवाळाभर पळतात आणि वसंत ते शरद उभ्या राहतात. धान्याच्या वाघिणी सुगीची वाट पाहतात. तेलविहिरींसाठी वाळू नेणाऱ्या वाघिणी तेलाचा भाव पडला की बसतात.

छोट्या कंपनीला यात काय मिळतं? दर वाघिणीमागे दिवसाला काही डॉलर. समजा पाच धरले, तर ८० वाघिणींचे ३० दिवसांचे १२,००० डॉलर होतात. शिवाय आणून लावण्याचे आणि काढून नेण्याचे वेगळे. जिच्याकडे एक पशुखाद्याची गिरणी आणि एक लाकडाची वखार एवढीच गिऱ्हाइकं आहेत, तिच्या दृष्टीने हे रुळांखालचे कुजलेले स्लीपर बदलायचे पैसे असतात. २००९ मध्ये मी ज्या कंपनीत होतो ती या भाड्यावर तगली, आणि तिच्यामुळे त्या गिरणीची गाडीही चालू राहिली. तुमचं गाऱ्हाणं यामुळे कमी होत नाही. पण समोरच्याची अडचण माहीत असलेल्या माणसाशी तो वेगळं बोलतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आता वाघिणीत काय आहे. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. रुळांच्या हद्दीत पाऊल न टाकता परसातून किंवा रेल्वे फाटकावरच्या रस्त्यावरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा. टाकीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत दोन ते चार अक्षरं आणि पुढे आकडा असतो. शेवटचं अक्षर एक्स असेल तर वाघीण खासगी मालकीची. जीएटीएक्स, यूटीएलएक्स ही अक्षरं तुम्हाला वारंवार दिसतील. त्या भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या खुणा आहेत. मग चौकोन टोकावर उभा केल्यासारखी पाटी शोधा. तिच्यात चार आकडे असतात. १०७५ म्हणजे एलपीजी, यात प्रोपेन आलं. १२६७ म्हणजे कच्चं तेल. १२०३ पेट्रोल. १९८७ पुष्कळदा इथेनॉलच्या वाघिणीवर दिसतो. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात २ असेल तर वायू, ३ असेल तर पेटणारा द्रव. पाटीच नसेल तर एक तर आत वनस्पती तेल किंवा मक्याचा पाक असा निरुपद्रवी माल जात असतो, किंवा वाघीण धुऊन, वायू काढून स्वच्छ केलेली असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कंपनीचा माणूस म्हणेल, "त्या रिकाम्या आहेत." तो खोटं बोलत नाही. पण रेल्वेच्या भाषेत रिकामी म्हणजे उतरवून घेतलेली. प्रोपेनची वाघीण उतरवल्यावरही आत थोडा द्रव आणि दाबाखालची वाफ उरते. म्हणून तर पाटी तशीच ठेवावी लागते. त्यामुळे प्रश्न असा विचारा: "धुऊन स्वच्छ केलेल्या आहेत, की आत शिल्लक माल आहे?" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. भरलेली की उतरवलेली, हे आम्ही बोगीच्या, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, स्प्रिंगांवरून ओळखायचो. उतरवलेल्या वाघिणीत स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये चांगल्या फटी दिसतात. भरलेलीत वेढे जवळजवळ एकमेकांवर बसलेले असतात. फोटो चांगला आला तर तुम्हालाही दिसेल. धोकादायक मालाने भरलेली वाघीण रेल्वे कंपनीला वाटेत हवी तितकी अडकवून ठेवता येत नाही. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून ४८ तासांत ती पुढे रवाना करावी, असा नियम आहे. भरलेल्या वाघिणी महिनाभर उभ्या असल्याची शंका आली तर तो फोटो जपून ठेवा आणि पुढे सांगतो त्या ठिकाणी पाठवा.

धोका किती? तुमच्या मनात ईस्ट पॅलेस्टाईनचा रेल्वे अपघात असणार, ते गाव ओहायोत असलं तरी तुमच्या राज्याच्या सीमेलगतच आहे. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे घसरली ती भरधाव चाललेली गाडी होती, आणि सुरुवात झाली ती एका चाकाचं बेअरिंग तापून. उभ्या वाघिणीचं बेअरिंग तापत नाही. उभ्या वाघिणींचे धोके दोन: बाहेरून आग लागणं, आणि वाघिणी आपोआप निसटणं. आगीबद्दल अग्निशमन दलाच्या हाती असतं ते मार्गदर्शक पुस्तक सांगतं की प्रोपेनची रेल्वे वाघीण आगीत सापडली तर चहूबाजूंनी १,६०० मीटर परिसर मोकळा करण्याचा विचार करा. अशी आग क्वचितच लागते. पण वाघिणींखाली गुडघाभर वाळलेलं गवत असेल तर ते कापून घ्या, असं कंपनीला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ही मागणी सहसा नाकारली जात नाही.

निसटण्याबद्दल मला जरा विस्ताराने सांगू द्या, कारण याच गोष्टीने मला रात्री झोप लागत नसे. वाघिणीला दोन ब्रेक असतात. एक हवेचा, दुसरा हाताने आवळायचा. हवेचा ब्रेक काही तासांत, फार तर काही दिवसांत गळून जातो. उभी रांग धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक. ६ जुलै २०१३ च्या पहाटे कॅनडात, क्वेबेक प्रांतातल्या लाक-मेगांतिक गावात काय झालं ते आठवा. वरच्या अंगाला नांत इथे कच्च्या तेलाच्या ७२ वाघिणींची गाडी उतारावर उभी केली होती, माणूस कोणी नव्हता. सात हँडब्रेक लावले होते, बाकीचा भार इंजिनाच्या हवेच्या ब्रेकवर. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, हवा गळली आणि गाडी निघाली. ४७ माणसं गेली. चौकशी मंडळाने पुढे हिशेब मांडला की हवेच्या ब्रेकचा आधार नसता किमान १७, कदाचित २६ हँडब्रेक लागले असते. त्या उन्हाळ्यानंतर अमेरिकेतही बिनमाणसाच्या वाघिणी बांधून ठेवण्याचे नियम कडक झाले.

हँडब्रेक लावणं ऐकायला सोपं वाटतं. वाघिणीच्या एका टोकाला शिडीजवळ लोखंडी चाक असतं, ते उजवीकडे फिरवत आवळायचं. पण चाक घट्ट झालं म्हणजे ब्रेक लागला, असं नाही. कामाला लागल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी एक रांग लावत होतो. अंधार पडत आलेला, हातमोजे भिजलेले. एका वाघिणीचं चाक मी दोन्ही हातांनी हलेना इतकं आवळलं आणि पुढच्या वाघिणीकडे निघालो. माझ्याबरोबरचा म्हातारा कंडक्टर म्हणाला, खाली वाक. टॉर्च मारून पाहिलं तर वरची साखळी ताणलेली, पण खाली ती एका कडीत गुंतून अडकलेली, आणि ब्रेकचा ठोकळा चाकापासून बोटभर लांब. म्हणजे त्या वाघिणीला ब्रेकच नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाघिणीशी खाली वाकून ठोकळा चाकाला टेकलाय का ते पाहत आलो, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला ते करायला लावलं. शेवटी इंजिनाने रांग हलकेच ढकलून-ओढून पाहायची, हवेचा ब्रेक सोडून. हलली नाही तरच इंजिन सोडायचं. किती ब्रेक लावावेत याचा सगळीकडे लागू पडेल असा एक आकडा नियमात नाही, 'पुरेसे' म्हटलंय. साठवणुकीच्या रांगेला मी प्रत्येक वाघिणीला लावायचो. उताराच्या बाजूला रुळावर डिरेल बसवायचो, म्हणजे निसटलेली वाघीण गावात शिरण्याऐवजी तिथेच रुळांवरून उतरून थांबेल. तुम्ही कंपनीला एकच प्रश्न विचारणार असाल तर हा विचारा: किती हँडब्रेक लावलेत, कोण तपासतं, दर किती दिवसांनी?

आता कायदा. टाउनशिपने सांगितलं ते बरंचसं खरं आहे. १९९५ च्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याने, ज्याने इंटरस्टेट कॉमर्स कमिशन हे जुनं नियामक मंडळ मोडीत काढलं, रेल्वे वाहतुकीवरचा अधिकार सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे दिला. आणि त्या कायद्यात 'वाहतूक' या शब्दाच्या व्याख्येतच साठवणूक बसवलेली आहे. त्यामुळे गावाचा झोनिंगचा (कुठल्या जागेवर काय चालेल याचा) नियम, राज्याची आगाऊ पर्यावरण परवानगी, 'दृश्य बिघडतं' किंवा 'घराची किंमत उतरते' म्हणून केलेला दावा, यांतलं काही सहसा टिकत नाही. व्हर्मॉन्टने एका रेल्वेला आपल्या जमीनवापराच्या कायद्याखाली परवानगी घ्यायला लावायचा प्रयत्न केला, तो २००५ मध्ये फेडरल अपील कोर्टात हरला. पण त्याच निकालात कोर्टाने म्हटलं की आरोग्य आणि सुरक्षेचे, सगळ्यांना सारखे लागू होणारे, ठरलेले नियम रेल्वेलाही पाळावे लागतात. म्हणून धान्याच्या वाघिणीतून सांडलेल्या दाण्यांवर उंदीर झाले, किंवा कंपनीने जुने स्लीपर गटारात ढकलून पाणी तुंबवलं, तर स्थानिक यंत्रणेला बोलता येतं. स्लीपर आणि गटाराच्या अशाच एका भांडणात २००७ मध्ये कोर्टाने रेल्वेला फेडरल कायद्याची ढाल वापरू दिली नाही. कचरा टाकणं ही वाहतूक नव्हे, असा त्याचा मथितार्थ.

आणखी एक बारीक फट आहे, ती वकिलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. तो रूळ कंपनीने वाघिणींच्या मालकाला किंवा माल विकणाऱ्याला फक्त त्याच्या वापरासाठी भाडेपट्ट्याने दिला असेल आणि स्वतः त्यावर काही नियंत्रण ठेवत नसेल, तर धोकादायक मालाच्या नियमांत तो 'खासगी रूळ' ठरतो. तिथे पोहोचलेला माल मग वाटेतला माल राहत नाही, साठवलेला माल होतो. आणि साठ्याला १९८६ चा आपत्ती-नियोजन आणि माहितीच्या हक्काचा कायदा लागू होऊ शकतो. भोपाळनंतर अमेरिकेने केलेला हा कायदा. वाहतुकीतला माल त्यातून वगळलाय, साठा वगळलेला नाही. एलपीजीची नोंद १०,००० पाउंडांपासून द्यावी लागते, आणि भरलेल्या एका वाघिणीत त्याच्या दहापटीहून जास्त माल मावतो. त्यामुळे टाउनशिपच्या वकिलाला पहिला प्रश्न विचारायला सांगा तो असा: हा रूळ साठवणुकीच्या काळात कंपनीच्या ताब्यात आहे की भाडेपट्ट्याने दिलाय?

कोणाकडे जायचं? जवळच्या फाटकावर निळी पाटी असते. तिच्यावर कंपनीचा चोवीस तासांचा फोन नंबर आणि त्या फाटकाचा क्रमांक, सहा आकडे आणि एक अक्षर. वाघिणीतून फसफस आवाज, वास, आग, वाघीण हलताना दिसली आणि इंजिन नाही, अशा वेळी आधी ९११ आणि लगेच हा नंबर. पण तातडी नसेल तर त्या नंबरावर गाऱ्हाणं घालू नका. कंपनीच्या मॅनेजरला पत्र लिहा. छोट्या कंपनीत तो एकच माणूस असतो आणि तो पत्र स्वतः वाचतो.

दुसरा माणूस म्हणजे तुमच्या भागातल्या अग्निशमन दलाचा प्रमुख, बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकच. तुम्हाला जी माहिती मिळणार नाही ती त्याला मिळते. आस्करेल नावाच्या ॲपवर वाघिणीचा नंबर टाकला की आत काय आहे ते त्याला दिसतं. या रुळांवरून कोणता धोकादायक माल जातो याची यादी त्याचं दल रेल्वेकडून मागू शकतं. तुम्ही काढलेल्या नंबरांचे फोटो त्याला द्या. रांगेमुळे कुठल्या घरापर्यंत बंब जाऊ शकत नाही, पाण्याचा हायड्रंट पलीकडे राहिलाय का, हे त्याला दाखवा. तो बोलला तर कंपनी ऐकते. मी ज्या बैठकांना बसलो त्यांत सगळ्यात लवकर निकाल लागला तो अशाच एका प्रमुखाने नकाशा टेबलावर पसरून दोन ठिकाणी बोट ठेवलं तेव्हा.

फाटकावरून येणारी गाडी दिसत नसेल, म्हणजे बाजूच्या रुळावरच्या वाघिणी नजर अडवत असतील, तर तो वेगळा आणि जोरदार मुद्दा आहे. बऱ्याच कंपन्यांच्या स्वतःच्या नियमांत, जिथे आडवे दांडे नाहीत अशा फाटकापासून, जागा असेल तर २५० फूट अंतर सोडावं असं लिहिलेलं असतं. पेनसिल्व्हेनियात सार्वजनिक फाटकांचा अधिकार राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनकडे आहे, तिथे तक्रार करा. रूळ, ब्रेक, बिनमाणसाच्या वाघिणी, भरलेल्या वाघिणींची शंका, हे रेल्वेची सुरक्षा पाहणाऱ्या फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवा. त्यांचे निरीक्षक प्रत्यक्ष येतात. तक्रारीत तारीख, वेळ, वाघिणीचा नंबर आणि फाटकाचा क्रमांक लिहा. 'फार भीती वाटते' एवढंच लिहिलेलं पत्र ते बाजूला ठेवतात, नंबर असलेल्या पत्रावर माणूस पाठवतात.

वाघिणी पुरत्या हटवणं अवघड आहे, पण तसं झालेलंही आहे. न्यूयॉर्क राज्याच्या ॲडिरॉन्डॅक डोंगराळ भागात नॉर्थ क्रीकपासून टाहावसच्या खाणीपर्यंत जाणारी शाखा दुसऱ्या महायुद्धात टायटॅनियमच्या खनिजासाठी बांधली होती. खाण १९८९ मध्ये बंद झाली. २०१७ मध्ये तिथल्या कंपनीने त्या रुळांवर, संरक्षित जंगलात, जुन्या टँकर वाघिणी आणून ठेवल्या. राज्यपालांपासून गावकऱ्यांपर्यंत सगळे उठले. कायद्याने राज्याचे हात तुमच्या टाउनशिपइतकेच बांधलेले होते. मग राज्याने बोर्डाकडे जाऊन ती लाईनच सोडून द्यायला लावा, अशी मागणी करण्याची वाट धरली. त्याच वेळी वाघिणींच्या मालकांवरही दबाव आला. काही वाघिणी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे गटातल्या कंपनीच्या होत्या. पुढच्या वर्षापर्यंत वाघिणी निघाल्या. नॉर्थ क्रीकहून आता पॅडल मारायच्या रेल-बाइक धावतात. तुमच्यामागे राज्यपाल उभे राहतीलच असं नाही, पण वाघिणीच्या मालकाला पत्र लिहिणं कोणालाही जमतं. अंगावरची अक्षरं त्याचा पत्ता सांगतात. भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपनीला आपलं नाव एखाद्या गावाच्या भांडणात यायला नको असतं.

तुमच्या जागी मी असतो तर 'हटवा' म्हणून सुरुवात केली नसती. साठवणुकीचे करार बहुधा काही महिन्यांचे असतात आणि नव्याने होतात. सध्याचा करार कधी संपतो ते विचारा आणि त्याआधी दीड-दोन महिने मॅनेजरला भेटा, टाउनशिपचा एक माणूस आणि अग्निशमन प्रमुख बरोबर घेऊन. मागणी नेमकी ठेवा: या दोन रस्त्यांच्या मधला, घरांमागचा अर्धा किलोमीटर मोकळा ठेवा, रांग पुढे शेतांच्या बाजूला सरकवा, आणि घरांजवळ ठेवायच्याच झाल्या तर धुतलेल्या किंवा धान्याच्या ठेवा, प्रोपेनच्या नकोत. अशी मागणी मी तीनदा मान्य केली आहे, कारण ती मान्य करायला एक इंजिन आणि अर्धा दिवस पुरतो. पहिल्याच दिवशी वकिलाची नोटीस आली तेव्हा मात्र आमच्या वकिलाने आम्हाला बोलायलाच मनाई केली आणि वाघिणी दोन वर्षं तिथेच राहिल्या.

वाघिणी गेल्या तर लाईन कायमची बंद होईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आपोआप नाही. दोन वर्षं स्थानिक वाहतूक झाली नसेल तर कंपनीला सोप्या मार्गाने लाईन सोडायचा अर्ज करता येतो, पण तो तिने करायला हवा. केला तरी १९८३ पासून अशी सोय आहे की रूळ काढून तिथे पायवाट करतात आणि रेल्वेचा हक्क मात्र राखून ठेवतात, पुढे कधी लागली तर परत आणायला. त्यामुळे ती पट्टी तुमच्या परसात सामील होईल हे धरून चालू नका. त्या पट्टीची रुंदी पुष्कळदा शंभर फूट असते, म्हणजे रुळांच्या मध्यापासून पन्नास. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि कुंपण रुळांपासून फार तर दहा पावलांवर दिसतात. ते बहुधा कंपनीच्या हद्दीत आहेत. बैठकीला जाण्याआधी घराचा मोजणी-नकाशा काढून ते तपासा आणि कुंपण मागे घ्या. कंपन्या रुळांच्या कडेला दरवर्षी वसंतात तणनाशक मारतात, आणि फवारणारा माणूस वाफा कोणाचा ते पाहत नाही. तिथली भाजी या वर्षी खाऊ नका.